'वायुवेग' आणि मी

माझं नाव धैर्यशील. मला लाँचमध्ये बसलेला पाहिलं असतं, तर आत्याने बारशालाच दुसरं नाव शोधलं असतं. अलिबाग बघायचं म्हणून बायकोने रेवसची तिकिटं काढली आणि भाऊच्या धक्क्यावर आम्ही चढलो त्या लाँचचं नाव होतं 'वायुवेग'.

शेजारच्या मच्छीमार बोटींवर मात्र 'एकवीरा प्रसन्न', 'आईची कृपा'. दर्यावर ज्याचं पोट तो नाव ठेवताना बढाई मारत नाही. ती मारली ब्रिटिश आरमाराने. त्यांची 'इन्व्हिन्सिबल' 1916 मध्ये जटलंडच्या लढाईत दुभंगली. हजारावर माणसांतली सहा वाचली. बरोबर शंभर वर्षांनी तिथे एका संशोधन-जहाजाचं नाव जनतेला विचारलं, तर सर्वाधिक मतं 'बोटी मॅकबोटफेस'ला! सरकारने 'सर डेव्हिड अ‍ॅटनबरो' ठेवलं आणि जनतेच्या नावाची एका चिमुकल्या बिनमाणसांच्या पाणबुडीवर बोळवण केली.

हे सगळं मी बायकोला सांगत होतो, कारण बोलत राहिलं की पोटातलं पोटात राहतं. एवढ्यात 'वायुवेग' दोनदा खोकली आणि गप्प झाली. इंजिन बंद पडलेली लाँच पुढे सोडून बाकी सगळीकडे जाते. खलाशी खाली उतरला. मग नुसता त्याचा हात वर यायचा. पाना. चिंधी. पुन्हा पाना. डिझेलचा वास, त्यात शेजारी सुक्या बोंबलांची पाटी. मी पिशवी उघडली.

"नाव काय रं तुजा?" पाटीवाल्या मावशींनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी पिशवीकडे पाहिलं. "बरा हाय," म्हणाल्या आणि तोंड फिरवलं.

"ती 'रामदास' इथेच कुठे तरी ना?" मागून एका कॉलेजकुमाराने विचारलं.

"ते नाव आता नको," मावशी एवढंच म्हणाल्या.

संतांची नावं लावलेल्या आगबोटी या किनाऱ्याला चालत. 17 जुलै 1947, गटारी अमावास्या. याच धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' काश्याच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बरीचशी सणाला घरी निघालेली. मी मुकाट्याने पिशवीची गाठ मारली.

इंजिन लागलं, पण वेग वायूचा नव्हता. भरतीमुळे कुलाबा किल्ला किनाऱ्यावरूनच बघितला, छान आहे. परतीला बायको पुन्हा धक्क्याचं नाव काढायच्या आत मी वडखळमार्गे एस.टी. धरली. साधी लाल. तिला नाव नव्हतं, ते बघूनच चढलो.