एक पाटा वाढव

आमच्या बेलापूरच्या नावाचं रेल्वे स्टेशन वर्षानुवर्षे श्रीरामपुरात आहे. दौंड-मनमाड मार्गावर गाडी थांबते ती आमच्या नावावर, पण उतरलेल्या माणसाला गावात यायला पुन्हा वाहन बघावं लागतं. आधी टांगा होता, मग काळीपिवळी जीप आली. दोन्ही लीफ स्प्रिंगच्या पाट्यांवर चालणारी वाहनं. म्हणजे पाटी श्रीरामपुरात आणि पाटे बेलापूरच्या रस्त्यावर. अशा गावात नाना निपजले नसते तरच नवल.

नाना हे काही एका माणसाचं नाव नाही. प्रवराकाठच्या प्रत्येक गावात ते असतात. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे तात्या. ते मेकॅनिक नसतात. गाडी त्यांच्याकडे नसतेच. ऐन उमेदीत चार-पाच गळीत हंगाम त्यांनी उसाच्या ट्रकवर काढलेले असतात, तेवढ्या भांडवलावर पुढची चाळीस वर्षं निघतात.

गाडी उभी दिसली की नाना पुढून कधी बघत नाहीत. तोंड काय, कुणीही रंगवतं. ते मागे जातात, उकिडवे बसतात, एक डोळा मिटतात आणि टायर व मडगार्डच्या मधे आडवी बोटं घालतात. चार बोटं मावली तर गाडी नवी. तीन मावली तर मालक कर्जात. दोनच मावली तर उठताना गुडघ्यावर हात ठेवून म्हणतात, "बसली की रं ही! एक पाटा वाढव."

या माणसाच्या लेखी जगात रोग एकच आणि औषधही एकच. गल्लीत नवराबायकोचं भांडण मिटवायला बोलावलं तेव्हासुद्धा त्यांनी निकाल दिला होता, "मेन पाटा शाबूत हाये ना? मंग बाकीचे करकर करणारच. मधी ग्रीस घाला."

आमच्या घरी आजोबांची अँबॅसिडर आहे, मार्क थ्री. अमेरिकेत लोक साठ-सत्तर सालातल्या दांडग्या इंजिनाच्या मोटारी जपतात, त्या प्रेमाने मी ती जपतो. इंजिनाचा दांडगेपणा मात्र विचारू नका. दोन्हींत साम्य मागच्या बाजूला: तिकडच्या मस्टँग, कॅमेरोला मागे पाटेच होते आणि अँबॅसिडरलाही आहेत. एवढ्या नात्यावर मी रात्र रात्र वाचन केलं. सदुसष्टच्या बहुतेक कॅमेरोंना एका बाजूला एकच पाटा असायचा आणि जोरात निघताना मागची चाकं जागच्या जागी उड्या मारायची, हे मी नानांना मोठ्या कौतुकाने सांगितलं.

"एकच?" नाना हळहळले. "आरं, मंग वाढवायचा ना एक!"

पण त्यांची नजर, कबूल करायला हवं, अस्सल. पाहताक्षणी म्हणाले, "डावी बाजू जास्त बसली. आजोबा तुझे मागं डाव्या अंगाला बसायचे ना?" खरं होतं. मानाची माणसं मागे डावीकडेच बसतात आणि आजोबांचा मान नव्वद किलोंचा होता. तीस वर्षांत तो पाट्यांत उतरला होता. क्रिस्लरवाल्यांनी शर्यतीच्या गाड्यांसाठी उजवे-डावे पाटे मुद्दाम वेगळे बनवले होते; आमच्याकडे ते काम आजोबांनी नुसतं बसून केलं.

मला दोन्ही बाजूंचे नवे, मूळ मापाचे पाटे हवे होते. नाना म्हणाले, नवे कशाला, कमान मारून घे. मी म्हटलं, ठोकून आणलेली कमान थोड्याच दिवसांत पुन्हा बसते, आणि गॅसने तापवली तर पोलादाचं पाणीच उतरतं. त्यावर त्यांनी भंगारातला एक जाडजूड पाटा आणला. मी धास्तावून गणित मांडलं: पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. रुंदी-लांबी तीच ठेवून सहा मिलीमीटरच्या जागी आठचा घातला, तर तो एकटा पाटा सव्वादोन पटींहून जास्त ताठ होतो.

"मंग चांगलंच की," नाना म्हणाले.

या शास्त्राचा इतिहासही त्यांनी स्वतःच लिहिला आहे. आमच्याच तालुक्यात, प्रवरेकाठी दायमाबादला 1974 साली ब्राँझचा रथ सापडला. दोन बैल जुंपलेले आणि हाकणारा माणूस उभा. विद्वानांनी त्यावर पुष्कळ लिहिलं, पण तो उभा का, हे नानांनीच सांगितलं. "खाली पाटेच न्हाईत, बसंल कसा? मणका राहील का?" ऊसवाहतुकीच्या टायरगाड्यांनाही पाटे नसतात, नाना त्या पाहतात तेव्हा बैलांआधी गाडीवानाची कणव करतात.

शेवटी व्हायचं तेच झालं. मी कामानिमित्त दोन दिवस नगरला गेलो, इकडे नानांनी वडिलांना गाठलं. परतलो तर अँबॅसिडर मागून अशी उचललेली, जणू पुढे कुणाच्या तरी पाया पडत होती. टायरवर पाच बोटं मावत होती. आजीला देवदर्शनाला नेलं, तर गतिरोधकावर तिचा अंबाडा छताला लागला. तिने त्याच दिवशी रिक्षा लावली. नाना मात्र पुढच्या सीटवर निवांत होते. अँबॅसिडरला पुढे पाटे नसतात, टॉर्शन बार असतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मी तक्रार केली तेव्हा ते अजिबात डगमगले नाहीत. "पाट्याला वजन पाहिजे. रिकामी गाडी उडणारच. युरियाच्या दोन गोण्या टाक डिकीत." मग थोडं आठवून म्हणाले, "आता गोणी पंचेचाळीस किलोचीच येती. तीन टाक."

टाकल्या. गाडी खरोखर गुण्यागोविंदाने चालू लागली. आजीही परत बसायला लागली. आठ महिने झाले, गोण्या अजून डिकीतच आहेत. मधल्या पावसाळ्यात दगड झाल्या, आता शेतालाही चालायच्या नाहीत.

परवा नाना मागून येऊन उकिडवे बसले. एक डोळा मिटला, बोटं घातली.

"तीनच हायेत रं," ते म्हणाले आणि गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागले.