दहावीचे बाबा

दिवाळी सरली की उमरखेडच्या बसस्टँडजवळच्या टपरीवरून एखादं रोजचं गिऱ्हाईक एकाएकी गायब होतं. दोन-चार दिवस कोणी काही म्हणत नाही. मग कोणीतरी विचारतं, "काहून, दिसून नाही राहिले? बाहेरगावी गेले का?" टपरीवाला कप विसळता विसळता सांगतो, "नाही जी. दहावीला बसले."

टपरीवाल्याला विनोद करायचा नसतो. नाव पोराचं, बैठक क्रमांक पोराचा, फोटो पोराचा. परीक्षा मात्र बाबांची, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं.

दहावीचे बाबा लांबून ओळखू येतात. वय पंचेचाळीसच्या पुढे, शर्टाच्या खिशात लाल पेन, डोळ्यांखाली काळं. गेल्या जूनपर्यंत पोरगा कोणत्या तुकडीत आहे हे ते बायकोला विचारत होते. आता प्रत्येक धड्याला किती गुण आहेत ते त्यांना तोंडपाठ आहे. मात्र वाटेल तो बाप या पदाला पोचत नाही. मास्तर असलेला बाप दिवसभर दुसऱ्यांची पोरं शिकवून इतका शिणलेला असतो की घरच्याला शिकवणी लावून मोकळा होतो. एसटीतल्या बापाला ड्यूटी असते. खरा नमुना पाहायचा तर तो कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर. त्याला कारण आहे. जूनमध्ये बियाणं-खताची झुंबड असते, सप्टेंबरपर्यंत फवारणीची औषधं जातात. पण जानेवारी-फेब्रुवारीत कापूस वेचून होत आलेला, सोयाबीन कधीचं विकलेलं, हरभरा घाटे धरून उभा. दुकानात माशी फिरकत नाही. म्हणजे परीक्षा जवळ आली की बाप मोकळा होतो. उमरखेडच्या कित्येक पोरांचं दुर्दैव या पीकपाण्याच्या वेळापत्रकात आहे.

त्यातून उमरखेडचा बाप होणं यवतमाळच्या बापापेक्षा अवघड. यवतमाळचा जिल्ह्याच्या गावात सुखाने बसलेला असतो. आमच्याकडून नागपूर-तुळजापूर महामार्गाने निघालं की जरा वेळात पैनगंगा येते. पूल ओलांडला की हदगाव, म्हणजे जिल्हा नांदेड. आमची दहावी अमरावती मंडळाची, त्यांची लातूर मंडळाची. नदीच्या दोन्ही काठांना तीच काळी माती, तीच हळद, तेच सोयाबीन. पण मार्क त्या काठाला जास्त पिकतात अशी या काठाची पक्की समजूत आहे. लातूर पॅटर्नचा डंका तीस-पस्तीस वर्षं कानावर पडतो आहे, आणि नांदेडच्या शिकवण्यांच्या फलकांवर टाय लावलेली पोरं आमच्याकडे बघून हसत असतात. शिवाय प्रत्येक घराचा एक मामा नांदेडला असतोच. तो दर रविवारी फोन करून शेजारच्या पोराचे सराव परीक्षेतले मार्क सांगतो. स्वतःच्या पोराचे कधी सांगत नाही, पण ते कोणी विचारतही नाही.

अशाच एका रविवारी फोन ठेवल्या ठेवल्या कृषी सेवा केंद्रवाल्या एका बाबांनी वेळापत्रक केलं. त्यांनी ते झेरॉक्सच्या दुकानात रंगीत छापून घेतलं, लॅमिनेशन केलं आणि देव्हाऱ्याशेजारी गजानन महाराजांच्या फोटोखाली लावलं. पहाटे साडेचारला उठणे. रात्री साडेदहाला झोपणे. मधल्या वेळेत जेवायला वीस मिनिटं, आंघोळीला दहा. 'मनोरंजन' असाही रकाना होता आणि त्यात लिहिलं होतं : सामान्य ज्ञान.

पहाटे साडेचारला खरोखर उठत ते बाबाच. पोरगा उठून बसे आणि उघड्या डोळ्यांनी झोपे. महामार्गावरून उसाचे ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून जायचे, आणि त्यातल्या एखाद्या गाण्याला पोराचा पाय पांघरुणाखाली ठेका धरायचा. पोरगा जागा असल्याचा तेवढाच पुरावा बाबांना मिळे.

पोराच्या बोलण्याचंही सांगायला हवं. एरवी चौकात तो सरपंचापेक्षा जास्त बोलतो. घरात त्याच्याकडे तीन वाक्यं होती : "येते मले", "झालं वाचून" आणि "तुम्ही जा ना बाबा". काहीही विचारलं तरी यातलंच एक उत्तर येई. वर्गसमीकरण सोडव म्हटलं की "येते मले". सोडवून दाखव म्हटलं की "झालं वाचून". वही बघू म्हटलं की तिसरं. उपकार मानणं राहू द्या, बाप शेजारी बसला आहे याचीच पोराला लाज वाटायची. मित्र सायकल घेऊन दाराशी आला की हा पुस्तक मिटून बाबांच्या आणि दाराच्या मध्ये उभा राही. आपल्याला बाप शिकवतो ही बातमी बाहेर फुटू नये म्हणून.

बाबांची खरी फजिती भूगोलाने केली. आत्ताचं दहावीचं भूगोलाचं पुस्तक म्हणजे भारत आणि ब्राझील यांची तुलना. प्राकृतिक रचना दोघांची, हवामान दोघांचं, लोकसंख्या दोघांची. बाबांनी शिकवण्यासाठी म्हणून ते हाती घेतलं आणि त्यांना ब्राझील चावला. अॅमेझॉनचं खोरं, अजस्र कडा, आणि ईशान्येकडचा कमी पावसाचा 'अवर्षण चतुष्कोन'. जन्म विदर्भात गेलेल्या माणसाला असा शब्द दिसला की तो पुढे कसा जाईल? त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि दुष्काळावर सुरुवात केली. तिथून गाडी सोयाबीनवर आली. जगात सर्वांत जास्त सोयाबीन ब्राझील पिकवतो. 2024 च्या हंगामात आपला हमीभाव होता क्विंटलला 4,892 रुपये आणि बाजार समितीत सोयाबीन त्याच्या खालीच विकलं गेलं. तिकडे पीक जोरात आलं की इकडे तेला-पेंडीचे भाव पडतात, मग आपला शेतकरी उधारी बुडवतो आणि म्हणून तुझी सायकल अजून जुनीच आहे, असं सगळं बाबांनी सांगितलं. पार मातो ग्रोसोपासून दुकानाच्या गल्ल्यापर्यंत.

पोरगा ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बाबा, हे पेपरात नाही येत."

माझ्या मते त्या घरात वर्षभरात झालेली ती सगळ्यांत चांगली शिकवणी. आणि पोराचं म्हणणंही शंभर टक्के बरोबर. ते पेपरात येत नाही. पेपरात रेघी नकाशा येतो आणि भौगोलिक कारणे द्या येतं.

बीजगणितात तेच. 'अर्थनियोजन' या प्रकरणात जीएसटीची गणितं आहेत. दुकानदार बापापुढे जीएसटी म्हणजे हातात कोलीत. बियाण्याला कर नाही, खताला पाच टक्के, कीटकनाशकाला अठरा. केंद्राचा निम्मा, राज्याचा निम्मा. खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून कसा वळता करायचा, आणि विवरणपत्राची तारीख चुकली तर काय होतं, हे त्यांनी उदाहरणादाखल स्वतःच्या दुकानाची बिलं काढून समजावलं. तासाभराने पोराच्या वहीत गणित होतं तिथेच होतं आणि बाबांना मात्र मागच्या तिमाहीतली स्वतःची एक चूक सापडली होती. ते तडक सीएकडे गेले.

इतिहासात तर ते पार वाहून गेले. त्यांना वाटलं होतं शिवाजी महाराज असतील, गांधीजी असतील. पुस्तक उघडलं तर पहिलाच धडा इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य परंपरेवर : व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मिशेल फुको. बाबांनी चष्मा पुसला. मग रात्री अकरापर्यंत बसून वाचलं. दुसऱ्या दिवशी दुकानात तूर विकून उधारी द्यायला आलेल्या शेतकऱ्याला त्यांनी विचारलं, की आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण? त्या बिचाऱ्याला वाटलं नव्या कीटकनाशकाचं नाव आहे. त्याने एकराला किती पंप लागतील ते विचारलं.

बायको हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकत होती. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, त्याले शिकवा. तुम्ही नका शिकू."

बाबा स्वतः दहावी झाले तेव्हा मंडळाची गुणवत्ता यादी लागायची, पहिल्या येणाऱ्यांचे पेढा भरवतानाचे फोटो वर्तमानपत्रात यायचे. बाबांचा आला नव्हता. "आमच्या वेळचे साठ म्हणजे आजचे नव्वद," असं ते पोराला सांगत आले आहेत. साठ कोणाला पडले होते हे मात्र सांगत नाहीत. सासऱ्यांनी सोयरिकीच्या वेळी गुणपत्रिका पाहिली होती, म्हणून बायकोला खरा आकडा माहीत आहे. पण ती भली बाई, तिने तो अजून पोराला सांगितलेला नाही. राखून ठेवला आहे.

आता पोरगा अभ्यास करत नव्हता असं कोणी समजू नये. तो करत होता, बाबा नसताना. रात्री गच्चीवर मोबाईल भिंतीला टेकवून कोणा एका सरांचा अख्खा धडा तो दीडपट वेगाने पाहायचा. बाबांना हे कळलं तेव्हा ते दुखावले. मोबाईलचं त्यांना तेवढं वाटलं नाही, वेगाचं वाटलं. आपण इतक्या सावकाश, दाखले देत देत शिकवतो, आणि हा त्या माणसाला पळवून पळवून ऐकतो! बाकीचं काम एकवीस अपेक्षितचा संच आणि शाळेतला एक हुशार मित्र यांनी केलं. त्या मित्राने पोराला समरूप त्रिकोण एका संध्याकाळी क्रिकेटच्या मैदानावर, बॅटने मातीत रेघा ओढून समजावले. बाबांनी त्यावर आठवडा घालवला होता.

परीक्षा 2025 साली नेहमीपेक्षा लवकर आली, 21 फेब्रुवारीला. पहिल्या दिवशी केंद्राच्या फाटकाबाहेर सगळे दहावीचे बाबा जमले. प्रत्येकाकडे एक पिशवी : प्रवेशपत्राच्या झेरॉक्स, चार पेनं, ग्लुकोज, डब्यात दही-साखर. ज्याच्यासाठी हे सगळं, तो एक पट्टी आणि कंपासपेटी घेऊन मागे न बघता आत गेलेला. कॉपीमुक्त अभियानामुळे आसपासची झेरॉक्सची दुकानं बंद, फाटकाशी पोलीस, मध्येच भरारी पथकाची गाडी. गाडी आली की बाबालोक उगीच सावरून उभे राहतात, हातातली पिशवी मागे लपवतात. त्यांच्या पिढीच्या हाताला ती सवय आहे. त्यावर जास्त बोलण्यात अर्थ नाही.

पेपर सुटला की चौकशी सुरू. हल्ली शेवटी दहा मिनिटं जादा मिळतात, तर "दहा मिनिटं वापरली का?" हा पहिला प्रश्न. उत्तर "हो". बाबा प्रश्नपत्रिका हिसकावून मोटारसायकलच्या सीटवर ठेवून सोडवायला घेत. दुसऱ्या कोणाच्या बाबांचं उत्तर वेगळं येई. वाद होई. पोरं तोवर रसवंतीवर पोचलेली.

कळस झाला धुळवडीला. 14 मार्चला धुळवड आणि 15 ला इतिहास-राज्यशास्त्र. मंडळात ज्याने वेळापत्रक केलं त्याच्या घरी दहावीचं पोर नसावं. बाबांनी सकाळीच दाराला आतून कडी घातली आणि व्हॉल्टेअर काढला. अकराच्या सुमारास ते पाणी प्यायला उठले. परत आले तर खोलीत पुस्तक होतं, पोरगा नव्हता. तो दुपारी तीनला आला तेव्हा आईनेही आधी नाव विचारलं म्हणतात. दुसऱ्या दिवशी तो गुलाबी कानांनी पेपरला गेला. प्रवेशपत्रावरचा फोटो आणि समोरचा चेहरा जुळवायला पर्यवेक्षकांना वेळ लागला. सोमवारी, 17 ला, भूगोलाने परीक्षा संपली. बाबा फाटकावर उतावळे उभे होते. "ब्राझील कसा गेला?"

"गेला," पोरगा म्हणाला, आणि मित्राच्या गाडीवर मागे बसून तोही गेला.

मित्राला तो फोनवर सांगत होता ते बाबांनी एकदा ऐकलं होतं : "मी कायले टेन्शन घेऊ? आमच्या बाबाचा सगळा अभ्यास झाला आहे." बाबांनी हे स्वतःच येऊन टपरीवर सांगितलं, आणि रागाने सांगितलं असं म्हणवत नाही.

निकाल 13 मेला दुपारी एकला लागला. गुण चांगले मिळाले. नांदेडच्या मामाने त्यानंतर दोन रविवार फोन केला नाही, यावरून काय ते समजा. सगळ्यांत जास्त गुण हिंदीत होते. हिंदीच्या पुस्तकाला बाबांनी वर्षभर हातही लावला नव्हता. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की तो विषय आपण मुद्दाम त्याच्यावर सोडला होता, जबाबदारी कळावी म्हणून. बेस्ट ऑफ फाइव्हचा हिशेब त्यांनी तीन प्रकारे करून पाहिला. तिन्ही वेळा टक्के तेवढेच आले.

पेढे वाटताना कोणीतरी पोराला विचारलं, की अभ्यास कोणी घेतला? पोराने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "स्वतःच केला." बाबा शेजारी पेढ्यांचा डबा धरून उभे होते. त्यांनी मान हलवली, जणू हेच उत्तर त्यांनी पाठ करून घेतलं होतं.

धाकटी आता आठवीतून नववीत गेली आहे. बाबांनी ब्राझीलच्या नोंदी कपाटात वरच्या फळीवर ठेवल्या आहेत आणि अभ्यासक्रम बदलणार असल्याची बातमी कानावर आली की ते अस्वस्थ होतात. ज्या वाचकांच्या घरी पुढच्या साली दहावी आहे त्यांना एवढंच सांगून ठेवतो : निकालाच्या संकेतस्थळावर दोनच रकाने भरावे लागतात. एकात मुलाचा बैठक क्रमांक आणि दुसऱ्यात आईचं नाव. वडिलांचं नाव तिथे विचारत नाहीत.