आंतरग्रहीय युद्धासाठी मोती : निवड, वापर आणि निगा

विज्ञानकथेतलं युद्ध लेसर तोफा जिंकत नाहीत. नायकाची लहानपणीची एखादी क्षुल्लक वस्तू जिंकते. या धंद्याचा तसा नियमच आहे. खानदेशातल्या होतकरू लेखकांनी त्यासाठी बाहेरून माल मागवू नये. पुढील कृती तंतोतंत पाळावी.

१. वस्तूची निवड : भोवरा, गलोल आणि आजीचा बटवा टाळावा. लीलावतीचा मोती घ्यावा. भास्कराचार्यांच्या या मुलीच्या लग्नाचा मुहूर्त साधायला घटिकापात्र लावलं होतं. ती कुतूहलानं वाकली, अंगावरचा मोती पात्रात पडला, भोक बुजलं आणि मुहूर्त टळला, अशी आख्यायिका आहे. भास्कराचार्यांचा ‘लीलावती’ हा मूळ गणितग्रंथ ११५० चा. ही गोष्ट सांगतो तो १५८७ मध्ये त्याचा फारसी अनुवाद करणारा फैजी. मधली ४३७ वर्षं मोती कुठं होता, हे विचारू नये. उत्तरभागासाठी ते राखून ठेवावं.

२. तळ : चाळीसगावजवळ पाटणादेवी. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथं मठ काढला, त्याचा शिलालेख आहे. मठासाठी बाजारातल्या मालावर आणि तेलघाण्यांवर लावून दिलेली दानंही त्यात आहेत. म्हणजे संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकाची सोय झाली.

३. यंत्र : घटिकापात्रासाठी तांब्याची वाटी घेऊन तिच्या बुडाला बारीक भोक पाडावं आणि ती घंगाळातल्या पाण्यावर सोडावी. २४ मिनिटांत बुडाली तर एक घटका. अशा ६० घटकांचा दिवस. लवकर बुडाली तर भोक मोठं झालं, दुसरी वाटी घ्यावी. आईला विचारून घ्यावी. घरचं युद्ध या मार्गदर्शिकेच्या कक्षेत येत नाही.

४. हल्ला : शत्रूच्या सगळ्या यानांच्या तोफा अशाच एका घड्याळावर चालतात असं पहिल्या प्रकरणातच सांगून ठेवावं. शेवटच्या प्रकरणात त्या घड्याळात मोती टाकावा. मोती चमकू नये, बोलू नये, त्यातून आईचा आवाज येऊ नये. त्यानं फक्त भोक बुजवावं. मोती कल्पित असला तरी चालतो. भोक आणि पाणी मात्र खरं लागतं. नवोदित लेखक नेमकं उलटं करतात : वस्तू पेटीतून खरी आणतात आणि तिचं काम चमत्कारावर सोडतात.

५. पुरावा : विजयानंतर बखर लिहावी, पण ती घेऊन धुळ्याला जाताना छाती घट्ट करावी. अस्सल कागदावाचून इतिहास न मानणाऱ्या राजवाड्यांच्या नावानं १९२७ पासून तिथं संशोधन मंडळ उभं आहे. तिथले लोक ‘मोती दाखवा’ म्हणाले, तर तो अजून शत्रूच्या घड्याळातच आहे असं सांगावं.

६. निगा : मोती कोरडा ठेवावा. वैशाखात वाटीला उघड्यावर हात लावू नये. जळगावचं ऊन कुणाच्याही बाजूनं लढत नाही.

७. खबरदारी : हे अस्त्र फक्त वेळ पाळणाऱ्या शत्रूवर चालतं. परग्रहवासी खानदेशी निघाले तर वापरू नये. त्यांच्या लग्नपत्रिकेत मुहूर्त अकराचा छापलेला असतो, वरात बँडपुढं नाचत असते आणि अक्षता दीडला पडतात. मुहूर्त टळला म्हणून इथं कुणी मांडवातून उठत नाही. अशा शत्रूला मोती दाखवण्यापेक्षा पंगतीला बसवावं आणि भरीत वाढावं.