हस्कीचा हवापालट

डिसेंबर उजाडला की दापोलीजवळच्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्या-मुंबईची कुत्री हवापालटाला येतात. परवा एका सायबेरियन हस्कीच्या अंगात चक्क लोकरी स्वेटर; जीभ मात्र वीतभर बाहेर. "बाळाला गारठा सोसत नाही हो," मालकीणबाई म्हणाल्या. शेजारी एक गावठी कुत्रा उघड्या अंगाने कुरवांच्या थव्यावर धावत होता. त्या कुरवांतले काही थेट लडाखकडून येतात आणि पर्यटकांची शेव खातात, तेही बिनस्वेटरचे.

बाळाने यथावकाश वाळूत कार्यभाग उरकला. मालकीणबाईंनी लगबगीने समुद्राचा फोटो काढला. पिशवी? होती एक, शेवेची, वाऱ्यावर गेली.

याच किनारपट्टीवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. तेव्हा साखळी आणि रिकामी पिशवी तेवढी आणा. स्वेटर घरी राहिला तरी चालेल.