दाजींची ऑर्डर

प्रत्येक घराण्यात एक दाजी असा असतोच, की हॉटेलात मेन्यूकार्ड फक्त त्याच्या हातात जातं आणि तोही ते उघडत नाही. आमचे दाजी वेल्ह्याचे. सरकारने तालुक्याचं नाव राजगड केलं, दाजींनी त्याचे पेढेही वाटले; पण बोलताना ‘आमच्या वेल्ह्यात’ काही सुटत नाही. भातखाचरं, दोन म्हशी, सोसायटीचं माजी संचालकपद आणि खेड शिवापूरपासून कापूरव्होळपर्यंतच्या तमाम हॉटेलांची खडान्‌खडा माहिती, एवढी त्यांची इस्टेट. कुठला आचारी कुणाशी भांडून गेला, कुठे रस्सा पातळ झाला, कुठली भाकरी चुलीवरची आणि कुठली चूल नुसती पाटीवरची, हे दाजींना विचारावं.

शनिवारी संध्याकाळी सातारा रस्त्यावर पुण्याच्या गाड्यांची झुंबड असते. लोक खुर्चीसाठी ताटकळत उभे असतात. दाजी गल्ल्याकडे बघून नुसती मान हलवतात आणि कोपऱ्यातलं टेबल रिकामं होतं. बूड टेकायच्या आत पहिली ऑर्डर सुटते, “कांदा-लिंबू आण.” कांदा आला की वरची चकती उचलायची, दोन बोटांत धरून वाकवायची. कट्‌कन मोडली तर ठीक. लवली, तर कांदा दुपारचा. मग पोऱ्याची धडगत नाही.

महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानं पिणाऱ्याकडे परवाना लागतो, म्हणून पाटीवर ‘परमिट रूम’ असं लिहिलेलं असतं. दाजींकडे तो परवाना आजवर कुणी मागितलेला नाही. मागायची कुणाची छाती आहे! शेंगदाणा मसाला, उकडलेली अंडी मिरपूड मारून, मसाला पापड, सुकं चिकन, भाटघर धरणाचा मासा असेल तर तळून. आणि सगळं हाफ. “फुल मागवलं की माणूस आपापलं खातो,” हे दाजींचं तत्त्वज्ञान, “हाफ मागवलं की हात एकमेकांत जात्यात.” स्वतः दाजी मात्र चार शेंगदाण्यांवर बसून असतात. त्यांचं सगळं लक्ष दुसऱ्यांच्या ताटात. कुणाचा हात थांबला की, “का वं पाव्हणं, आवडलं न्हाय?” आणि उत्तराची वाट न बघता आणखी एक हाफ.

बिल द्यायची त्यांची एक ठरलेली रीत आहे. शेवटचा घास उरला की ते हात धुवायला जातात आणि परस्पर गल्ल्यावर हिशेब चुकता करून येतात. मग आपण खिशात हात घातला की नुसते हसतात.

अशा माणसाला त्यांच्या चिरंजीवांनी बढतीच्या आनंदात पुण्यात कोरेगाव पार्कातल्या मेक्सिकन हॉटेलात नेलं. दाजी, ताई, मुलगा, सून, मी आणि माझी बायको. आत अंधार, कानठळ्या बसवणारी गाणी, बाहेर तासाभराची रांग. दाजींनी गल्ल्याकडे बघून मान हलवायची म्हटलं, तर गल्लाच दिसेना. ताई फॅमिली सेक्शन शोधत होत्या, तोही नव्हता. कांदा-लिंबू मागितलं, तर लिंबू आलं, मीठ आलं, कांदा आलाच नाही.

“दोन्ही टकीलाबरोबर असतात पप्पा,” मुलगा म्हणाला.

“टकीला म्हंजे?”

“घायपाताची दारू.”

दाजींनी पेला खाली ठेवला. वेल्ह्यात घायपात बांधावर असतं, गुरं शेतात शिरू नयेत म्हणून. फार तर त्याचे दोर वळतात. मुलगा सांगू लागला, की तिकडे निळसर घायपाताची एक जात लावतात. रोप तयार व्हायला सहा-सात वर्षं जातात, मग पानं छाटून मधला गड्डा भाजतात, रस आंबवतात आणि भट्टी लावतात. मेक्सिकोतल्या ठरावीक पाच राज्यांतलाच माल असेल तर त्याला टकीला म्हणायचं. आपल्या दख्खनच्या घायपाताचीही दारू निघते, पण तिला ते नाव लावता येत नाही.

“नावाचं काय एवढं?” दाजी म्हणाले. “आक्ख्या तालुक्याचं बदललं, घायपाताला कितीसा येळ लागतोय!”

तेवढ्यात टाको आले. ताटली तळहाताएवढी, त्यात तीन नग, आणि आम्ही सहा जण. दाजींनी लोणी लावायची सुरी मागवली आणि एकेक टाको भावकीत जमीन वाटावी तसा बांधाबांधानं, अगदी काटेकोर विभागला. सारण ज्या बाजूला कमी गेलं तिकडे चमच्यानं भर घातली. वाढपी आ वासून बघत राहिला. ताईंनी तुकडा चाखून विचारलं, “मक्याची भाकरी ना? पण एवढी लवचिक कशी?” मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, असं सूनबाईंनी सांगताच दाजींचा हात नकळत बंडीच्या खिशातल्या चंचीकडे गेला.

मग मुलानं घाव घातला. मका तिकडचाच, मिरची तिकडचीच, टोमॅटोही. पोर्तुगीज वगैरे आले त्यांच्या मागोमाग हे आपल्याकडे आलं. घायपातही मूळ मेक्सिकोचंच.

“शेंगदाणा तरी आपला?” दाजींनी क्षीण आवाजात विचारलं.

“तो दक्षिण अमेरिकेतला.”

दाजी गप्प झाले. आयुष्यभर ज्या चकण्याच्या जोरावर टेबल राखलं, तो सगळा परमुलखातला निघाला. पण माणूस सोसायटीचा संचालक होता. ठराव फिरवायला कितीसा वेळ लागणार? त्यांनी एक घोट घेतला, लिंबू चोखलं आणि जाहीर केलं, “म्हंजे ही मंडळी परकी न्हाईत. जुनी सोयरीक हाय!” सोयरीक म्हटल्यावर संकोच कसला! वाढप्याला हाक गेली, “भाऊ, हे अजून दोन आण, ते हिरवं वाटण आण, आन् ती तळलेली मक्याची पापडी. सगळं हाफ!” हाफ काही मिळत नव्हतं, तिथलं फुल हेच आपलं हाफ होतं. दाजींना ते हॉटेल एकदम पटलं.

शेवटी रिवाजाप्रमाणे ते हात धुवायला उठले आणि पडलेल्या चेहऱ्यानं परत आले. पोरानं बसल्या जागी मोबाइलवरून बिल भरलं होतं. हॉटेलात दाजींचं बिल दुसऱ्यानं भरल्याची घराण्यात नोंद नाही. गाडीत ते अवाक्षर बोलले नाहीत. खेड शिवापूरचा टोलनाका गेला, तरी टोलला शिव्या नाहीत. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

चेलाडी फाट्यावर मात्र त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. हॉटेल बंद व्हायच्या बेतात होतं. दाजींनी गल्ल्याकडे बघून मान हलवली, विझलेले दिवे लागले, टेबल पुसलं गेलं. सहा माणसांचं मटण, भाकरी, इंद्रायणीचा भात, सगळं एका दमात सांगून झालं. यावेळी फुल. पैसे आधीच गल्ल्यावर ठेवले. पोरावर आता भरवसा राहिला नव्हता.

“एवढ्या रात्री उपाशी, दादा?” पोऱ्यानं विचारलं. “पुण्यात काय मिळालं नाय का?”

“मिळालं की,” दाजी बाह्या सरसावत म्हणाले, “पर नुसता चकणाच झालाय.”