कॅसिनोची टांकसाळ

कल्याणजी भगत यांनी १९६२ साली मुंबईत मटका सुरू केला, तेव्हा स्वतःच्या नोटा छापायचं काही त्यांना सुचलं नाही. बिचारे रोखीत व्यवहार करत राहिले.

आज तळवली नाक्यावर रिक्षाची वाट बघणाऱ्या पोराच्या मोबाईलवर परदेशी क्रिप्टो कॅसिनो येतो, तोच टांकसाळीसकट. इथे हरलात तरी बक्षीस: प्रत्येक डावामागे कॅसिनोचं घरचं टोकन. ते विकू नका, आमच्याकडेच अडकवून ठेवा, म्हणजे कॅसिनोच्या कमाईत तुमचाही वाटा! ही कमाई म्हणजे अर्थातच शेजारच्या पोराने हरलेले पैसे, थोडे तुमचेही. शिवाय मालक अधूनमधून बाजारातून टोकनं विकत घेऊन जाळतो, भाव चढावा म्हणून. अशी होळी, जिच्यात बोंब नंतर मारायची असते.

आपल्याकडे याची तालीम झालेली आहे. गेनबिटकॉइन या बिटकॉइन गुंतवणूक योजनेने दरमहा १० टक्के परतावा, तेही १८ महिने, असं वचन दिलं होतं. बिटकॉइन आटल्यावर गुंतवणूकदारांच्या हातावर ‘एमकॅप’ हे घरचंच नाणं ठेवलं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी संस्थापकाला अटक केली.

ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. त्यात टोकनही पैशातच धरलंय. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंड मात्र रुपयांतच भरायचा, टोकन चालत नाही.