मारिओची लय : एक लघुप्रबंध

प्रस्तुत प्रबंधाची व्याप्ती मुद्दाम लहान ठेवली आहे. स्थळ : नेसरी, तालुका गडहिंग्लज. काळ : टीव्हीला शटर आणि कौलांवर अँटेना असण्याचा. साधन : जपानी फॅमिकॉमची बिनधास्त नक्कल असलेला 'टीव्ही गेम' आणि त्यात खोचायची पिवळी कॅसेट. प्रश्न असा की, लहानपणी डोळे झाकून पार केलेल्या खड्ड्यात तोच मारिओ आज मोबाइलवर का पडतो? 'वय झालं तुमचं' हे उत्तर घरातून तत्परतेने मिळालं. ते सोपं आहे, आणि म्हणूनच संशयास्पद आहे.

आधी कॅसेटविषयी. तिच्यावर '९९९९ इन वन' असं छापलेलं असे. आत खेळ मोजकेच. मतदार यादीत एकच इसम तीन वॉर्डांत सापडावा तसा मारिओ पुढच्या पानांवर पुन्हापुन्हा भेटे, फक्त वेगळ्या स्टेजवर उभा. याला फसवणूक म्हणणाऱ्यांनी मूळ ग्रंथ पाहिलेला नाही. १९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' ८ वर्ल्ड आणि ३२ स्टेज धरून अवघ्या ४० किलोबाइटांत बसवलेला आहे. जागा वाचवण्यासाठी ढग आणि झुडूप यांचं चित्र एकच ठेवलं. वर पांढरं, खाली हिरवं. रंगीत टीव्हीवाल्यांना हे कित्येक वर्षांनी कुणीतरी सांगितलं तेव्हा ते चकित झाले. ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर रंगाचं सोंग नव्हतंच, त्यामुळे आमच्या गल्लीत अद्वैत आधीपासून सिद्ध होतं.

आता फुंकर. कॅसेट लागली नाही की ती काढायची, तोंडाजवळ धरायची आणि खालच्या फटीत फुंकायचं. या विषयात तीन संप्रदाय होते. दीर्घफुंकरवादी एका दमात डावीकडून उजवीकडे जात. त्रिवारवादी तीन तुटक फुंकरा मारून मध्ये कॅसेट तळहातावर आपटत. वस्त्रपंथी मात्र फुंकरच निषिद्ध मानून शर्टाचं टोक आत घालत. त्यांना घरी मार बसे, म्हणून तो पंथ वाढला नाही. फुंकण्याचा पहिला अधिकार थोरल्या भावाचा. धाकट्याने फुंकल्यावर गेम लागला, तरी श्रेय आधीच्या फुंकरीला जाई.

शास्त्र काय म्हणतं? अमेरिकेत विकलेल्या निन्टेंडोत कॅसेट समोरून सरकवून खाली दाबावी लागे, आणि त्यातला ७२ पट्ट्यांचा सॉकेट काही काळाने ढिला पडे. तिथल्या पोरांना निदान कारण होतं. फॅमिकॉमचा आणि आपल्या नकलेचा सॉकेट ६० पट्ट्यांचा, कॅसेट वरून सरळ खोचायची. दोन्हीकडे गेम लागे तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. घासल्याने पट्ट्यांचा संपर्क सुधरे. श्वासातल्या ओलीने उलट पट्ट्या गंजत. पुढे खुद्द निन्टेंडोनेच फुंकू नका असं बजावलं. म्हणजे अमेरिकेतली फुंकर सकाम होती आणि नेसरीतली निष्काम.

'कॉन्ट्रा'चा ओझरता उल्लेख आवश्यक आहे. वर-वर, खाली-खाली, डावं-उजवं, डावं-उजवं, बी, ए. एवढं दाबलं की ३० लाइफ. सतराचा पाढा अडखळत म्हणणारी पोरं हे बिनचूक म्हणत. पण इथे स्थळमाहात्म्य आड येतं. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी याच नेसरीच्या खिंडीत सरनोबत प्रतापराव गुजर सहा जणांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, ते एकेका लाइफवर. मोजक्यांनी सैन्यावर धावून जायची कल्पना आम्हाला जपानी कंपनीकडून शिकायची नव्हती, आणि कोड मारून जिंकणाऱ्याला गल्लीत मान नव्हता.

बदकं मारायच्या बंदुकीचा विचार इथे केलेला नाही. तिला जुन्या काचेच्या टीव्हीचाच पडदा कळतो. भिंतीवरच्या सपाट टीव्हीपुढे ती लाकूड आहे.

मुख्य प्रतिपादन असं. जपानचा टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. आपला 'पाल' पद्धतीचा टीव्ही बदलत होता ५० वेळा. मारिओ एका चित्राला एक पाऊल या हिशेबाने चालतो, आणि पालसाठी नक्कल करणाऱ्यांनी खेळ होता तसा उचलला. परिणामी नेसरीतला मारिओ मूळ मारिओपेक्षा एक षष्ठांश मंद होता. पडद्यावरच्या घड्याळाचा आकडा दर २४ चित्रांनी एकाने घटतो. ४०० पासून शून्यावर यायला जपानात साधारण १६० सेकंद लागत, इथे १९२. बत्तीस सेकंद! एवढ्यात माणूस बशीतला चहा संपवतो. कोजी कोंडो यांचं संगीतही त्याच हिशेबाने मंदावे. जपानी पोरांनी जे द्रुतात ऐकलं ते आम्ही मध्यलयीत ऐकलं, आणि घड्याळ १०० च्या खाली गेल्यावर लय चढायची तेव्हा कुठे आम्ही त्यांच्या बरोबरीला येत असू.

मोबाइलवरचा मारिओ ६० चा आहे. बोटांनी मात्र उडीचा हिशेब ५० वर पाठ केलेला. खड्ड्यात जो पडतो तो हा फरक पडतो, वय नव्हे. घरच्यांना हे कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी 'बरं' म्हटलं.

प्रयोगाशिवाय सिद्धांत लंगडा, म्हणून भाच्याच्या मोबाइलवर एम्युलेटर 'पाल'वर लावला. सूर ओळखीचा निघाला. मारिओ बेताने चालला, पाइपवरून उतरला, कासवाच्या डोक्यावर बरोबर पडला. खड्डा आला. बोट आपोआप उचललं गेलं आणि मारिओ पलीकडच्या काठावर टेकला. एवढ्यात भाच्याने मोबाइल हातातून काढून घेतला.

"मामा, थांब की जरा. हँग व्हायलाय बघ," म्हणत त्याने तो रीस्टार्टला लावला.